यंत्राला प्रश्न विचारायला शिकवू या

ब्रिटनमध्ये २०२० साली कोरोनामुळे ए-लेव्हलची परीक्षा झाली नाही. इंग्लंडमध्ये शिक्षकांनी ठरवलेल्या सुमारे ३९ टक्के श्रेणी संगणकाच्या सूत्राने खाली उतरवल्या. सूत्रात शाळेचे मागील निकाल धरले होते. त्यामुळे साधारण शाळेतल्या हुशार मुलावर अन्याय झाला. विद्यार्थ्यांनी निदर्शने केली, व १७ ऑगस्टला सरकारने माघार घेतली.

त्याच देशाने जून २०२५ मध्ये ७५ लाख कामगारांना २०३० पर्यंत कृत्रिम बुद्धिमत्तेचे शिक्षण देण्याची योजना जाहीर केली. चांगली गोष्ट आहे. परंतु यंत्र वापरता येणे ही अर्धी साक्षरता. त्याने निर्णय कशावरून दिला हे विचारता येणे, ही उरलेली अर्धी. आमची मॉरिशसची मुलेही केंब्रिजच्या परीक्षा देतात. हा प्रश्न विचारायला आम्ही शिक्षकांनी व पालकांनी त्यांना आजच शिकवले पाहिजे.