दोन दिवस, कोलकात्याच्या पंगतीला

नाताळला जोडून शनिवार-रविवार आला, की घरोघरी एकच प्रश्न पडतो, जायचे कुठे? आम्ही या वेळी कोलकाता ठरवले. हाताशी दोनच दिवस होते. तेव्हा "व्हिक्टोरिया मेमोरियल लांबून पाहू, पण जेवणाची पाने जवळून पाहू," असे ह्यांनी जाहीर करून टाकले. बरोबर दहा वर्षांचा नील आणि माझी आई.

आईला न्यावे की नाही, याचा मला जरा विचारच पडला होता. तिचे माहेर-सासर दोन्ही अलिबागचे. मासळीवाचून एके काळी तिला घास उतरत नसे. चार वर्षांपूर्वी बाबा गेले आणि तिने मासे सोडले. कुणी सांगितले नव्हते, उलट आम्ही विनवून थकलो. "आता इच्छाच होत नाही गं," एवढेच ती म्हणे. आमच्यासाठी जिताड्याचे कालवण मात्र स्वतः करी आणि मीठ बघायला मला हाक मारी. अशा माणसाला माशांच्या शहरात नेऊन काय खाऊ घालणार? "तुम्ही खा, मी दहीभात खाईन," असे म्हणत तिने डब्यात चटणी भरून घेतली.

थोडक्या दिवसांत शहर खाऊन बघायचे, तर एक अडचण असते. रजा वाढवून मिळेल एक वेळ, पोट वाढवून मिळत नाही! म्हणून आम्ही तीन नियम केले. एक पदार्थ चौघांत वाटून घ्यायचा. तो त्याच्या ठरल्या वेळीच खायचा. आणि एका वेळी एकच वस्ती धरायची. कोलकात्यात १९८४ मध्ये देशातली पहिली मेट्रो धावली. तिच्या उत्तर-दक्षिण मार्गावरच खाण्याची बहुतेक ठिकाणे येतात, त्यामुळे टॅक्सीचा खर्च वाचतो.

शनिवारी सकाळी महात्मा गांधी रोड स्थानकावर उतरून कॉलेज स्ट्रीट गाठला. सकाळी इथे कचोरी खायची. आपल्यासारखी जाड, खुसखुशीत नव्हे, तर पुरीसारखी मऊ. सोबत खोबऱ्याचे तुकडे घातलेली गोडसर चणाडाळ. पुस्तकांच्या दुकानांतून फिरून पाय दुखले, की पॅरामाउंटमध्ये शहाळ्याचे सरबत मिळते. हे दुकान १९१८ चे. तिथून कॉफी हाऊस. कामगारांच्या सहकारी संस्थेने चालवलेल्या या उंच छताच्या दालनात एका कपावर तासन् तास गप्पा चालतात, कुणी उठवत नाही.

शेजारीच संस्कृत कॉलेज आहे. ईश्वरचंद्र विद्यासागर इथे प्राचार्य होते आणि त्यांच्याच खटपटीने १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला, असे मी नीलला सांगत होते. आई ऐकत होती, बोलली काहीच नाही.

दुपारी जानबाजारच्या बाजूला एका 'पाइस हॉटेला'त गेलो. पाइस म्हणजे पैसा. एके काळी पैशांत जेवण मिळे, म्हणून हे नाव. आजही इथे ताट नसते. भात, डाळ, भाजी, मासा, लिंबाची फोड, इतकेच काय, केळीच्या पानाचेही वेगळे पैसे. रोजचे पदार्थ फळ्यावर लिहिलेले. लांब बाकांवर अनोळखी माणसांच्या शेजारी बसायचे. दुपार टळायच्या आत गेलात तरच पदार्थ शिल्लक असतात.

आईसाठी बिनमाशाचे मागवले. आधी आले शुक्तो. कारले, कच्चे केळे, शेवग्याची शेंग, डाळीचे सांडगे, वरून थोडे दूध. बंगाली जेवणाची सुरुवात अशी कडू चवीने होते. मग केळफुलाची भाजी आणि 'धोकार डालना', म्हणजे हरभराडाळीच्या वड्या आल्या-जिऱ्याच्या रश्शात. यात कांदा नाही, लसूण नाही, तरी आईने दुसऱ्यांदा भात घेतला.

समोर आईच्याच वयाच्या एक बंगाली बाई जेवत होत्या. आई पुन्हा भात घेतेय हे पाहून हसल्या आणि हिंदीत म्हणाल्या, "हे आमच्या विधवा आज्यांचे हात बरं का." पूर्वी उच्चवर्णीय घरांत विधवेला मासे, मटण, कांदा, लसूण, मसूरसुद्धा बंद. जेवण एकदाच. घरात दहा जणांचे मासे तळले जात आणि ही वेगळ्या चुलीवर सालींची, देठांची, केळफुलाची भाजी रांधी. जे उरले त्यातूनच तिने चव काढली. बंगालच्या शाकाहारी स्वयंपाकातले कितीतरी पदार्थ असे घडले. कायदा झाला, तरी पानात मासा यायला अनेक वर्षे गेली.

संध्याकाळी नीलने चिंचेच्या पाण्याचे फुचके खाल्ले. आपल्या पाणीपुरीपेक्षा आंबट, आत कुस्करलेला बटाटा. मग न्यू मार्केटकडे काठीरोल. १९३० च्या दशकात निझामने प्रसिद्ध केलेला हा प्रकार. लोखंडी सळईऐवजी बांबूच्या काडीवर कबाब भाजू लागले आणि 'काठी' नाव पडले. मार्केटच्या आत १९०२ पासूनची नाहूम बेकरी आहे, बगदादी ज्यू कुटुंबाची. नाताळात तिथल्या प्लम केकला मोठी रांग असते.

रात्री खोलीवर आई अचानक म्हणाली, "त्या बायकांना कुणी विचारलं नाही गं. मला तर तुम्ही सगळे विचारत होतात." मी दिवा मालवला.

रविवारी पहाटेच तिरेट्टा बाजार. सेंट्रल स्थानकापासून चालत जाता येते. इथल्या चिनी वस्तीतली माणसे आता थोडी उरली आहेत, पण वाफाळते मोमो आणि बाव अजून मिळतात. उशिरा उठणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. मग उत्तर कोलकात्यात नकुडचा संदेश. दुकान १८४४ चे, आणि हिवाळा असल्याने खजुराच्या रसाच्या नव्या गुळाचा. रसगुल्ला बागबाजारच्या नवीनचंद्र दासांनी १८६८ मध्ये केला, असे बंगाली माणूस सांगतो. ओडिशाला ते मान्य नाही. २०१७ मध्ये बंगालच्या आणि २०१९ मध्ये ओडिशाच्या रसगुल्ल्याला वेगवेगळे भौगोलिक मानांकन मिळाले. आम्ही वादात न पडता दोन-दोन खाल्ले.

शेवटचे जेवण ह्यांच्या आवडीचे, 'भेटकी पातुरी'. केळीच्या पानात बांधून शिजवलेला मासा. ह्यांनी दोरा सोडला तसा फेसलेल्या मोहरीचा वास नाकात गेला. आईने वाकून पाहिले. "अहो जावईबापू, हा तर आपला जिताडा!"

खरेच होते. भेटकी म्हणजेच अलिबागचा जिताडा.

जरा वेळ ती बघत राहिली. मग तिने आपले पान पुढे सरकवले. "द्या बघू एक तुकडा. मोहरी किती घातलीय, ते खाल्ल्याशिवाय कसं कळणार?"

ह्यांनी काही न बोलता मधला तुकडा वाढला. नील काही विचारणार होता, मी त्याला डोळ्यांनी दटावले.

गेल्या रविवारी आमच्याकडे केळीच्या पानातला जिताडा झाला. मीठ बघायला आईने कुणाला हाक मारली नाही.