कणकुंबीच्या वाटेने येणारे पाणी

म्हादईच्या वादामुळे सह्याद्रीच्या माथ्यावरील कणकुंबी हे लहानसे गाव गोव्यात घरोघर ठाऊक झाले. १४ ऑगस्ट २०१८ रोजी लवादाने कर्नाटकाच्या वाट्यास १३.४२ टीएमसी पाणी दिले. त्यांपैकी कळसा-भांडुऱ्याचे ३.९ टीएमसी मलप्रभेत वळवावयाचे आहे. या पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब आपण मागतो, आणि तो मागितलाच पाहिजे. परंतु याच कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून आणखी एक पाणी गोव्यात येते, त्याची चौकशी कोणी करीत नाही. ते येते बेळगावच्या पालेभाजीतून.

बेळगाव शहराचे सांडपाणी बळ्ळारी नाल्यात मिसळते, आणि शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारांना याच नाल्याचा शेजार आहे. बेळगावची सगळीच भाजी अशा पाण्यावर पिकते, असे मुळीच नव्हे. तथापि उन्हाळ्यात विहिरी आटल्या की नाल्याच्या काठचा शेतकरी दुसरे पाणी कोठून आणणार? शिवाय मैलापाण्यात नत्र व स्फुरद विपुल असल्याने मेथी-पालक जोमाने वाढतो, पान रुंद व हिरवेगार होते, खताचा खर्च वाचतो. ग्राहक भुलतो तो या हिरवेपणालाच.

धोकाही तेथेच आहे. पालेभाजी जमिनीलगत वाढते, म्हणून रोगजंतू व जंतांची अंडी पानांस सहज चिकटतात. कारखान्यांचे पाणी मिसळले तर कॅडमियम, शिसे यांसारखे धातू मुळांवाटे पानांत साठतात. शिजविल्याने जंतू मरतील. धातू मात्र धुऊन वा शिजवून जात नाहीत. १९७० साली जेरुसलेममध्ये पटकीची साथ पसरली, ती सांडपाण्यावर पिकविलेल्या व कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीतून. चिलीच्या सान्तियागो शहरात १९९१ नंतर अशा भाजीवर निर्बंध येताच विषमज्वर झपाट्याने ओसरला.

याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे हा शुद्ध अन्याय होय. घाण शहराची आहे. १९७४च्या जलप्रदूषण कायद्याने प्रवाहात घाण सोडण्यास बंदी केली. ती पाळणे हे नगरसंस्थांचे कर्तव्य आहे. शुद्धीकरण पूर्ण होईपर्यंत या पाण्यावर पालेभाजीऐवजी चारा वा फुले घ्यावीत, आणि पिकाच्या पालटात होणारे नुकसान शासनाने सोसावे.

गोवा सरकारची जबाबदारीही लहान नाही. फलोत्पादन महामंडळाच्या गाळ्यांवर सवलतीच्या दरात विकली जाणारी भाजी मोठ्या प्रमाणावर बेळगावहून येते. जनतेच्या पैशाने घेतलेल्या या भाजीची जंतू व जड धातूंसाठी नियमित तपासणी होऊन तिचे निष्कर्ष जाहीर झालेच पाहिजेत. पाणी किती, यासाठी न्यायालयाची पायरी चढणाऱ्या दोन्ही राज्यांनी पाणी कसे, यासाठी एकदा एकत्र बसावे. सीमा जमिनीला असते. ताटातल्या भाजीला नसते.