राज्यशास्त्र शिकावेच लागते

बीएला राज्यशास्त्र घेतलेल्या मुलाला आपल्याकडे हमखास दोन प्रश्न विचारले जातात: एमपीएससी करणार का, आणि नाही तर मग पुढे काय? या दोन्ही प्रश्नांमागे एकच समज आहे. राज्यशास्त्रात शिकण्यासारखे वेगळे असे काही नसते. घटनेतली कलमे पाठ करावीत, बाकीचे वर्तमानपत्रातून कळतेच. हा समज महाविद्यालयांबाहेर आहे तसाच आतही आहे, आणि विषयाचे खरे नुकसान त्यानेच केले आहे. राज्यसेवेच्या परीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. तेव्हा ‘परीक्षेसाठी राज्यशास्त्र घ्या’ हा सल्ला विषयाचे समर्थन म्हणूनही लंगडा आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. सत्तेचा नियम कागदावर काय आहे, व्यवहारात तो कसा वाकतो आणि तो बदलला की कोणाचे बळ वाढते, हे पुराव्यानिशी तपासण्याची सवय हा विषय लावतो. पदवीच्या अभ्यासक्रमात त्याला जागा हवी ती यासाठी.

वर्तमानपत्र पुरते असे म्हणणाऱ्यांनी सरपंचाच्या निवडीकडे पाहावे. 2017 मध्ये महाराष्ट्रात सरपंच थेट मतदारांतून निवडायचे ठरले. सरकार बदलल्यावर 2020 मध्ये ही निवड पुन्हा सदस्यांकडे गेली आणि 2022 मध्ये आणखी एकदा सरकार बदलताच थेट निवड परत आली. बातम्यांत हा आधीच्या सरकारचा निर्णय फिरवण्याचा प्रकार ठरला आणि विषय तिथेच संपला. वास्तविक अध्यक्षीय आणि संसदीय पद्धतींतला जो भेद वर्गात अमेरिका आणि ब्रिटनची उदाहरणे देऊन सांगतात, तोच इथे गावच्या कारभारात उतरला आहे. थेट निवडून आलेला सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या पॅनेलचे, असे झाले की ठराव अडतात आणि कामे रखडतात. सरपंच सदस्यांनी निवडायचा तर हा पेच टळतो, पण दोन-तीन सदस्य फोडले की सरपंच बदलतो. यांतली कोणती पद्धत गावाला बरी, याचे उत्तर आवडत्या पक्षाला विचारून मिळणार नाही. दोन्ही पद्धतींनी चाललेल्या ग्रामपंचायतींची इतिवृत्ते शेजारी ठेवून वाचावी लागतील. ग्रामसभेला शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या 15 टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. मात्र तिच्याअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की ही अट उरत नाही. हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच वहीतल्या वीस सह्या आणि त्यांच्याखाली मंजूर झालेला ठराव यांचा अर्थ लागतो. एवढे काम बातमीदाराकडून रोजच्या रोज होणार नाही, आणि ती अपेक्षाही रास्त नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे सगळे कायद्याच्या वर्गात शिकवतातच की. शिकवतात, पण अर्धेच. घटनेच्या 243-यू कलमानुसार महापालिकेची मुदत पाच वर्षांची आहे आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकाचा कारभार राहिला. ओबीसी आरक्षणासाठीची तिहेरी चाचणी, 2021 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, प्रभागरचनेवरच्या याचिका हे सारे कायद्याचा विद्यार्थी नीट सांगेल. मात्र नगरसेवकच नसताना नळाच्या तक्रारीसाठी माणसे कोणाच्या दारात उभी राहतात, त्यातून आमदाराचे वजन वाढते का, घटनेचा इतका स्पष्ट आदेश वर्षानुवर्षे बाजूला पडूनही लोक रस्त्यावर का उतरत नाहीत, हे प्रश्न निकालपत्रात सापडत नाहीत. ते राज्यशास्त्राचे आहेत, आणि लोकशाहीच्या दृष्टीने मला ते अधिक निकडीचे वाटतात.

मराठीत वाचायला साहित्य नाही, ही तक्रार मला मान्य नाही. राजेंद्र व्होरा आणि सुहास पळशीकर यांचा राज्यशास्त्र कोश आहे, य. दि. फडके यांचे ‘विसाव्या शतकातील महाराष्ट्र’चे खंड आहेत. ग्रंथालयात ते कपाटात राहतात आणि विद्यार्थ्यांच्या हातात अपेक्षित प्रश्नसंच असतो, हा दोष साहित्याचा नाही. नोकरीचा आक्षेप मात्र टाळू नये. नुसत्या राज्यशास्त्राच्या पदवीवर नोकरी मिळत नाही, हे खरे आहे. पण कागदपत्र वाचून त्यातली मेख ओळखणे, माणसांशी बोलून माहिती जमवणे आणि ती स्वच्छ मराठीत मांडणे हे तीन वर्षांत खरोखर शिकवले, तर तो पदवीधर रिकाम्या हाताने बाहेर पडत नाही. आज हे बहुतेक ठिकाणी शिकवलेच जात नाही.

राहिली वर्गात राजकारण शिरण्याची भीती. पक्षाची बाजू घेऊन बोलणे वर्गात नको, हे बरोबरच आहे. पण त्या भीतीने चालू काळाबद्दल बोलणेच टाळले, तर मते बनवण्याचे काम व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर सोडल्यासारखे होते. पुरावा समोर ठेवून वाद घालायची सवय वर्गाइतकी दुसरीकडे कुठे लागणार? म्हणून राज्यशास्त्राच्या प्रत्येक विभागाला विनंती आहे: शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एका ग्रामपंचायतीची किंवा एका प्रभागाची पाच वर्षांची कागदपत्रे वाचायला लावा आणि त्यावर त्याच्याकडून निबंध लिहून घ्या. माहितीचा अधिकार 2005 पासून आहे. ही कागदपत्रे मागता येतात.