परीक्षा चुलवाणापाशी

वकिलास सनद लागते, वैद्यास नोंदणी लागते, आणि कारखान्यातील बॉयलर सांभाळणाऱ्यासही परीक्षा देऊन दाखला मिळवावा लागतो. परंतु यंत्राचा माणसाच्या देहाशी मेळ घालू पाहणाऱ्या अर्गोनॉमिस्टास मात्र ‘आपण कोण?’ असे कोणी विचारीत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने, इजा होईल इतके ओझे कोणास उचलावयास लावू नये, असे ३४ व्या कलमात बजावले, आणि १९७६ च्या दुरुस्तीने हजार वा अधिक कामगारांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आणला. पण ते ओझे किती उंचीवरून, किती वेळा आणि कशा वाकलेल्या पाठीने उचलले जाते हे पाहणाऱ्याचा हुद्दा त्यात कोठेच नव्हता. म्हणून खुर्च्या विकणारे गृहस्थही ही उपाधी कार्डावर छापतात. दोष त्यांचा थोडा, आपला अधिक.

अमेरिकेत १९९० साली स्थापन झालेल्या प्रमाणन मंडळाने शिक्षण, अनुभव व परीक्षा या तिन्हींची अट घातली. तो शिरस्ता आपणही स्वीकारावा. प्रश्नपत्रिका मात्र उसनी आणू नये. देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापांचा ग्रंथ १९९७ साली अहमदाबादेहून प्रसिद्ध झाल्यावर परक्या मापांवर विसंबण्याची सबब उरली नाही, हे खरे. तथापि मापे पाठ असणाऱ्या उमेदवारास कोल्हापूरच्या सुभाषनगरातील चप्पल कारागिरासमोर बसवा, आणि जमिनीवर बसून, कातडे पायाखाली दाबून रापी चालविणाऱ्या त्या माणसास तो तत्काळ टेबल-खुर्ची सुचवील. त्या कारागिराचा पाय हीच त्याची पकड आहे, आणि खुर्चीवर चढताच ती सुटते, हे त्याच्या ध्यानीही येणार नाही.

यास्तव आमची सूचना अशी की, दाखला मागणाऱ्याने शिरोलीच्या फौंड्रीत वा करवीर-पन्हाळ्याकडील एखाद्या गुऱ्हाळावर सबंध हंगाम काढावा. चुलवाणात चिपाडे सारणाऱ्या जळव्याच्या गुडघ्यांची आणि उकळती काईल वाफ्यात ओतणाऱ्यांच्या खांद्यांची नोंद रोज ठेवावी. आणि गुणपत्रकात गूळ सिद्ध करणाऱ्या गुळव्याचेही मत असावे. गुळव्याजवळ स्वतःचा दाखला नसतो, ढेपेचा रंग तेवढा असतो. पण उपयोगाचे काय आणि नुसते दिखाऊ काय, हे त्याच्याइतके कोणास कळणार? उमेदवाराने बसविलेले साधन पुढल्या हंगामातही वापरात आहे, की कोपऱ्यात सरकवून त्यावर रिकामी पोती टाकली आहेत, हे समक्ष पाहिल्यावाचून परीक्षकांनी सही करू नये.