दोस्ती सरकारांची, फोन आपला



भारत-इस्रायल मैत्रीचे फोटो आपले काही तरुणही स्टेटसला ठेवतात. या मैत्रीतून चळवळीच्या वाट्याला काय आले, हे भंडारा जिल्ह्यातल्या माणसाने तरी विसरू नये.

खैरलांजी आपल्याच जिल्ह्यातली. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. त्यामागची जात पुस्तक लिहून जगापुढे मांडली डॉ. आनंद तेलतुंबडे यांनी. २०१९ मध्ये पेगाससचे लक्ष्य झाल्याचे ज्यांना कळवले गेले, त्यांत तेलतुंबडे होते आणि नागपूरचे वकील निहालसिंग राठोडही. पेगासस बनवणारी एनएसओ ही इस्रायली कंपनी म्हणते, आम्ही फक्त सरकारांना विकतो. तिकडच्या संरक्षण मंत्रालयाच्या परवान्याशिवाय ते देशाबाहेर जात नाही. म्हणजे गिऱ्हाईक सरकार, परवाना देणारेही सरकार. ज्याचा फोन फोडला, त्याने दाद मागायची कुठे?

बाबासाहेबांनी कलम ३२ ला संविधानाचा आत्मा म्हटले. त्याच कलमाखाली लोक सर्वोच्च न्यायालयात गेले, तर केंद्राने राष्ट्रीय सुरक्षेचे नाव सांगून सविस्तर प्रतिज्ञापत्रच दिले नाही. न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ ला समिती नेमली. २९ फोन तपासले, पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडले. ते पेगाससच असल्याचे सिद्ध झाले नाही. सरकारने सहकार्य केले नाही, असेही समितीने सांगितले. चोराचा माग काढायला निघालेल्यांना वाड्याचे दार उघडायचे नाही, आणि वर म्हणायचे, सापडले कुठे?

‘दहशतवादी सीमा पाळत नाहीत, मग तपासाने का पाळावी?’ असे विचारणारे आपल्यातही आहेत. सहकार्य जरूर करा! २६/११ च्या हेडलीची साक्ष २०१६ मध्ये अमेरिकेतून व्हिडिओवर मुंबईच्या कोर्टापुढे झाली. समोर न्यायाधीश होते, उलटतपासणी झाली. आमचा विरोध कोर्टाला वळसा घालून होणाऱ्या व्यवहाराला आहे.

युरोप आणि अमेरिका तर आपल्यापेक्षा जुने दोस्त. तरी जुलै २०२० मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने दोघांमधला डेटा-करार रद्द केला, कारण अमेरिकी हेरयंत्रणांपुढे युरोपच्या नागरिकाला दाद मागायची सोय नव्हती. तक्रार होती मॅक्स श्रेम्स या एका ऑस्ट्रियन माणसाची.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे कलम १७(२) वाचा: सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध अशा कारणांसाठी केंद्र आपल्या कुठल्याही यंत्रणेला कायद्यातून मोकळे करू शकते. ‘परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध’ हे कारण खुद्द कायद्यात आहे. याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मधली, जनहितासाठी वैयक्तिक माहिती मिळण्याची तरतूदही काढली. सरकारला आमचे सगळे दिसावे, आम्हाला सरकारी बाबूचे काही दिसू नये, अशी ही राखण.

लाखांदूरच्या पोरांना हे दिल्लीचे वाटते. वैनगंगा ओलांडली की वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्हा. खैरलांजीच्या आंदोलनामागेही तेव्हा नक्षलवादी शोधले गेले होते. आपल्याला तो शिक्का लागायला फोनमधली एक फाईल पुरते. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकात हॅकरने फायली घुसवल्या होत्या, असा अहवाल अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने २०२१ मध्ये दिला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही.

म्हणून पाळतीला आधी न्यायाधीशाची परवानगी आणि नंतर त्या माणसाला नोटीस, ही मागणी आपल्या निवेदनांत आली पाहिजे. शिष्यवृत्ती आणि घरकुलाच्या शेजारी. आणि उद्या कोणाचा फोन जप्त झालाच, तर जप्तीचे चित्रीकरण, पंचनाम्याची प्रत आणि फोनची हॅश व्हॅल्यू तिथेच लेखी मागा. चित्रीकरण १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने बंधनकारक आहे.