हस्तर आमचा कोण लागतो?

'तुंबाड' बघून आलेला जो तो एकच पाढा म्हणतो. काय तो पाऊस, काय तो काळोख, काय ती फोटोग्राफी! फोटोग्राफी चांगलीच आहे. भांडण त्याचं नाही. भांडण दुसरंच आहे. पण आधी कामाचा हिशेब चुकता करू, कारण राबणाऱ्याचा हिशेब बुडवायची रीत आपली नव्हे.

राही अनिल बर्वे या माणसानं हा सिनेमा वर्षानुवर्षं डोक्यात वागवला. बाप अनिल बर्वे, 'थँक यू मिस्टर ग्लाड' लिहिणारा, जेलर आणि नक्षलवादी कैदी समोरासमोर उभे करणारा. पोरानं सातशे पानांचा स्टोरीबोर्ड काढला, म्हणजे अख्खा सिनेमा आधी चित्रांत कागदावर उतरवला. 2012 साली शूटिंग केलं. पटलं नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा शूट केलं, ते 2015 पर्यंत. पाऊस खरा पाहिजे म्हणून पावसाळ्यामागून पावसाळे थांबले. कॅमेरा पंकज कुमारचा. त्यानं ढगाळ आभाळाचा करडा उजेड पकडला आणि वाड्यात कंदिलापुरता उजेड ठेवून बाकी सगळा काळोख राहू दिला. साखळीत बांधलेली ती म्हातारी बघून अंगावर काटा येतो. तिच्या सोंगात मोहम्मद समद नावाचा पोरगा आहे. नायकाचा मुलगाही तोच. 2018 साली व्हेनिसचा क्रिटिक्स वीक या सिनेमानं उघडला, 12 ऑक्टोबरला तो आपल्याकडं लागला. फिल्मफेअरची तीन बक्षिसं मिळाली, कॅमेऱ्याला, कला दिग्दर्शनाला आणि ध्वनीला. तिन्ही कारागिरीची.

मी गोदीत मजुरी करतो. जहाजाच्या पोटात उतरलं की काळोख काय चीज असते ते कळतं. त्याला वास असतो, वजन असतं, तो मानेवर बसतो. या सिनेमाच्या काळोखाला तसं वजन आहे. शाबास!

आता भांडण.

गोष्ट काय? समृद्धीच्या देवीचं पहिलं पोर हस्तर. त्यानं सोनं घेतलं ते चाललं. धान्याकडं हात नेला तेव्हा सगळे देव तुटून पडले. आई मध्ये पडली म्हणून जीव वाचला, पण अट घालून. याला कुणी पुजायचं नाही, याचं नाव पोथीपुराणातून पुसायचं. तेव्हापासून तो आईच्या गर्भात, काळोखात, उपाशी. वरून वाड्याचा वारस विनायक विहिरीतून दोरानं उतरतो, कणकेची बाहुली पुढं टाकतो आणि तो भुकेला तिच्यावर झडप घालतो तेवढ्यात त्याच्या लंगोटातली सोन्याची मुद्रा हिसकतो.

दोस्तांनो, छातीवर हात ठेवून सांगा, यात राक्षस कोण?

ज्याला धान्य नाकारलं, ज्याचं नाव पोथीतून पुसलं, ज्याला उजेडात यायची बंदी, तो राक्षस! आणि भुकेल्याला पीठ दाखवून लुटणारा तो नायक! आमच्या गेवराई तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन आहे. 1763 साली तिथं माधवराव पेशव्याची आणि निजामाची लढाई झाली, एवढं पुस्तकात सापडतं. तो राक्षस कोण होता, त्याचं भुवन कुणी घेतलं, हे कुणी विचारत नाही. ज्याचं ताट ओढायचं त्याला आधी राक्षस म्हणायचं, हा धंदा जुना आहे.

कुणी म्हणेल, अरे, सिनेमा तर लोभाच्या विरुद्धच आहे, सुरुवातीलाच गांधींचं लोभावरचं वाक्य आहे, शेवटी विनायकाची काय गत होते बघितली नाही का? बघितली. हेच तर दुखणं आहे. लोभ एका माणसाच्या रक्तातला रोग म्हणून दाखवला की व्यवस्था सुटली. शाप म्हटलं की सातबारा बघायला नको.

तुंबाड हे खरं गाव आहे, रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात. सिनेमातल्या वाड्याच्या मालकाला 'सरकार' म्हणतात. कोकणातल्या कुळांना असा मालक खोत म्हणून ठाऊक होता. खोताचं सोनं विहिरीतून निघत नव्हतं. ते कुळाच्या भातातून, वेठीतून, उपाशी पोरांच्या तोंडातून निघत होतं. सिनेमात सालं लिहून येतात, 1918, 1933, 1947. पहिल्या दोघांच्या मध्ये 1927 आहे. त्या साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. महाड तुंबाडपासून काय लांब आहे? बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे तर शेजारच्या मंडणगड तालुक्यात. 1933 सालीच कुलाबा जिल्ह्यात चरीच्या कुळांनी संप पुकारला आणि वर्षानुवर्षं जमीन पडीक ठेवली. 1937 च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं बिल विधिमंडळात मांडलं, 1938 च्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. खोती कायद्यानं गेली ती 1949 साली.

कॅमेऱ्याला भिंतीवरचं शेवाळ दिसलं. दगडातून झिरपणारा थेंब न् थेंब दिसला. हे दिसलं नाही! एवढा पाऊस पडतो, पण त्या पावसात चिखलात उभं राहून भात लावणारी बाई फ्रेममध्ये नाही.

आणि पाऊस म्हणे शाप! गेवराईत हे सांगून बघा. 1972 चा दुष्काळ भोगलेली म्हातारी तुम्हाला वेड्यात काढील.

आमच्याकडं अद्‌भुत शोधायला विहिरीत उतरावं लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे गावंच्या गावं उठतात, कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात, मागं म्हातारी आणि पोरं उरतात. देवीचा लालभडक गर्भ पडद्यावर बघून तुम्ही थक्क झालात ना? आता बीडचा गर्भ बघा. 2019 साली सरकारच्या समितीनं या जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायांची पाहणी केली. 13,861 बायांच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. पाळीत खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, पोटात दुखतं म्हणून गेलं की डॉक्टर पिशवी काढ म्हणतो. गर्भात उतरून सोनं आणणारे खरे विनायक हे. साखर गोड लागते ना? कुठून आली ते विचारा.

हे पडद्यावर कोण आणणार? नागराज मंजुळेनं 2013 च्या 'फँड्री'त जब्याला काळ्या चिमणीमागं पळवलं. तिची राख टाकली की पोरगी वश होते, हे त्या पोराचं अद्‌भुत. ते कुठल्या वाड्यातलं नव्हतं, डुकरं धरणाऱ्याच्या घरातलं होतं. शेवटी भिरकावलेला दगड थेट बघणाऱ्याच्या अंगावर आला. म्हणजे जमतं.

तेव्हा कवितेच्या वह्या बगलेत मारून फिरणाऱ्या पोरांनो, 'तुंबाड'ला नुसत्या शिव्या घालून भागणार नाही. त्यातली कारागिरी चोरा. उजेड कसा धरायचा, काळोख किती ठेवायचा, पुन्हा शूट करायची जिगर कुठून आणायची, हे शिका. सातशे पानं त्यांनी काढली, तुम्ही हजार काढा. कॅमेरा कुणाच्या बापाचा नाही.

आणि विहिरीत उतराल तेव्हा कणकेची बाहुली घेऊन नका उतरू. भाकरी घेऊन उतरा. तो तिथं उपाशी बसलाय, तो आपला भाऊ लागतो. त्याला वर घेऊन या. मग बघू वाड्यात कोण घाबरतं ते!