उसाचे औषध लॉनवर मारताना

पाऊस ओसरू लागला की कोल्हापुरातल्या बंगल्यांतून आणि मंगल कार्यालयांतून आपल्याला एकच निरोप येतो: लॉनमध्ये लव्हाळा माजलाय, काहीतरी मारा. मग हात जातो तो कृषी सेवा केंद्रातल्या उसाच्या औषधांकडे. ऊस गवतवर्गीय, लॉनही गवत, म्हणजे चालेल, असा हिशेब आपल्या व्यवसायात रुळला आहे. तो अर्धवट आहे.

ऊस तणनाशक सोसतो, कारण त्याची मुळे खोल असतात आणि त्याची पाने काही रसायने मोडून टाकतात. सतत कापणी होणाऱ्या, उथळ मुळांच्या हिरवळीत तेवढा तग नसतो. शिवाय सगळी लॉन सारखी नाहीत. बर्म्युडा ही आपली हरळीच, ती 2,4-डी बहुधा पचवते. सावलीत लावलेले रुंद पानांचे सेंट ऑगस्टीन त्याच मात्रेने पिवळे पडू शकते. सोयाबीनमधले क्विझॅलोफॉप तर गवत मारण्यासाठीच बनवले आहे. म्हणून गवत ओळखल्याशिवाय पंप भरू नये, असे आमचे ठाम मत आहे.

लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल 75 टक्के हे उसातले परिचित औषध. मात्रा एकरी 36 ग्रॅम, म्हणजे गुंठ्याला 0.9 ग्रॅम. बंगल्याचे लॉन बहुतेकदा दोन-तीन गुंठ्यांचे, तिथे टोपणाने किंवा चिमटीने मोजणे म्हणजे दुप्पट-तिप्पट मात्रा हमखास. ग्रॅमचे अंश दाखवणारा काटा विकत घ्या. आधी साध्या पाण्याने एक गुंठा फवारून किती लिटर लागले ते पाहा. माहितीपत्रकावर पीक म्हणून ऊस असतो, लॉन नसते. तेव्हा कोपऱ्यातल्या छोट्या पट्ट्यावर मारून तीन आठवडे थांबायलाच हवे. शंका असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज कृषी महाविद्यालयातल्या तज्ज्ञांना विचारावे.

2,4-डीचा एथिल एस्टर कडक उन्हात वाफ होऊन उडतो. शेजारच्या अंगणातली पपई, टोमॅटो, गुलाब यांची पाने त्याने वेडीवाकडी होतात. दुपारची आणि वाऱ्यातली फवारणी टाळा. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा.

खरे तर लव्हाळा बहुतेक वेळा आपणच आणतो. नदीकाठचा पोयटा आणि न चाळलेली भर यांतून त्याच्या गाठी येतात. लॉन बसवण्याआधी वाफे ओलवून, उगवलेले तण दोनदा काढले तर पुढचे निम्मे दुखणे टळते. गिऱ्हाईक घाई करते हे मान्य, पण हे पंधरा-वीस दिवस आपण अंदाजपत्रकातच लिहून ठेवले पाहिजेत.

एक गोष्ट मात्र आजपासूनच सुरू करावी. आपल्याकडे लॉनचे कापलेले गवत म्हशींना घालायला नेतात. फवारणीनंतरचे गवत जनावरांना घालू नये, खतातही टाकू नये, हे माळ्याला आणि गवत नेणाऱ्याला स्पष्ट सांगा, आणि फवारणीची तारीख फाटकावर मराठीत लावा. फवारा पुरता वाळेपर्यंत आणि माहितीपत्रकात सांगितलेली मुदत संपेपर्यंत मुलांना लॉनवर सोडू नका. कार्यालयात समारंभ असेल तर फवारणी पुढे ढकला.

— संपादक